फेअर म्हणजे नेमकं काय? गोरा, रास्त, वाजवी की बरा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करायला नुकतीच सुरुवात केली आहे. “फेअर” हे विशेषण मला सतत अडवतं. कोशात गोरा, सुंदर, न्याय्य, रास्त, वाजवी, निःपक्षपाती, बरा, स्वच्छ असे ढीगभर अर्थ दिलेले असतात. घरभाड्याच्या एका करारात “फेअर वेअर अँड टेअर एक्सेप्टेड” असं होतं. मी “न्याय्य झीज वगळून” लिहिलं आणि तपासणाऱ्यांनी लाल रेघ मारून परत पाठवलं. दुसऱ्या एका लेखात “टु बी फेअर टु हिम” होतं, तिथेही अडकलो. कुठे कोणता शब्द वापरायचा, याला काही नियम आहे का?’

मी २७ वर्षं अनुवाद करते आहे. बहुतेक करार, शासकीय कागद आणि दवाखान्यांची माहितीपत्रकं. तुमच्या करारापासूनच सुरू करू, कारण त्या एका ओळीत या शब्दाची सगळी मेख आहे.

झीज न्याय्य किंवा अन्याय्य नसते. झीज होते. ११ महिने माणसं घरात राहिली की भिंतीचा रंग मळतो, दाराची कडी सैल होते, नळाचा वॉशर जातो, ओट्याजवळच्या फरशीची चमक उतरते. घरमालकाने हे गृहीत धरायचं असतं. पण बेसिनला तडा गेला किंवा टीव्ही टांगायला भिंतीत आठ भोकं पाडली, तर ती झीज नाही, ते नुकसान आहे, आणि ते डिपॉझिटमधून वळतं होतं. करारातला ‘फेअर’ ही सीमारेषा आखतो: राहण्याच्या मानाने जेवढी व्हायची तेवढीच झीज. म्हणून मराठीत लिहायचं ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून’. यात फेअरला प्रतिशब्द असा कुठेच नाही आणि तरी अर्थ पुरता आला आहे. ‘न्याय्य झीज’ वाचून घरमालकालाही काही कळणार नाही आणि भाडेकरूलाही नाही, आणि घर सोडायच्या दिवशी दोघं त्याच ओळीवरून हुज्जत घालतील. तुमच्या तपासणाऱ्यांनी रेघ मारली ती योग्यच होती. का मारली हे त्यांनी सांगायला हवं होतं, एवढंच.

तुम्ही नियम विचारलात. नियम नाही, पण माझी एक सवय आहे. वाक्यातला ‘फेअर’ पेन्सिलने झाकायचा आणि स्वतःला विचारायचं: इथे काय कशाशी ताडून पाहिलं जातंय? किंमत खर्चाशी? एकाची बाजू दुसऱ्याच्या बाजूशी? आजची तब्येत कालच्या तब्येतीशी? ते कळलं की मराठी शब्द बहुतेक वेळा आपणहून येतो. कोश नंतर उघडायचा.

इंग्रजीत हा शब्द फार जुना आहे. मूळ अर्थ सुंदर, डोळ्यांना सुखावणारा. त्यातून निर्मळ, डाग नसलेला असा अर्थ आला, उजळ रंगाचा असा आला आणि कोणाकडे न झुकणारा असाही आला. म्हणजे एकाच झाडाला या सगळ्या फांद्या फुटल्या. मराठीत असं एक झाड नाही. आपल्याकडे या प्रत्येक कामाला वेगळ्या घराण्यातून वेगळा शब्द आलेला आहे, आणि प्रत्येक शब्द आपापली जागा धरून बसला आहे. (जत्रा किंवा प्रदर्शन या अर्थाचं ‘फेअर’ हे नाम लॅटिनमधून आलेलं, सणाशी नातं सांगणारं, या विशेषणाशी संबंध नसलेलं. प्रवासभाड्याचा ‘फेअर’ तर इंग्रजीत लिहायलाही वेगळा. देवनागरीत तिन्ही सारखेच दिसतात, म्हणून नवख्यांचा घोटाळा होतो.)

किमतीच्या संदर्भात पहिला मान ‘रास्त’चा. हा फारसीतून आलेला शब्द, मूळ अर्थ सरळ, खरा. दादाभाई नौरोजींनी १८५१ मध्ये मुंबईत काढलेल्या गुजराती पत्राचं नाव ‘रास्त गोफ्तार’ होतं, म्हणजे खरं बोलणारा. मराठीत तो भावाला जाऊन चिकटला. ‘फेअर प्राइस शॉप’ला आपण ‘रास्त भाव दुकान’ म्हणतो. हा सरकारी शब्द असूनही तो लोकांच्या तोंडी बसला, हे विशेष. त्याच दुकानावर कुठे ‘स्वस्त धान्य दुकान’ अशीही पाटी दिसते, आणि घरात तर आपण नुसतं ‘रेशनवर जाऊन ये’ म्हणतो. पण अनुवाद करणाऱ्याने रास्त आणि स्वस्त यांची सरमिसळ करू नये. स्वस्त म्हणजे कमी. रास्त म्हणजे असावा तेवढा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो ठरवलं, आणि जानेवारी २०२३ पासून ते लाभार्थ्यांना फुकट मिळतं. दाम शून्यावर आला, दुकानाचं नाव मात्र ‘रास्त भाव’च राहिलं.

माझ्या माहेरच्या तालुक्याच्या गावी बाजार समितीच्या रस्त्याला लागूनच असं एक दुकान होतं. लहानपणी रॉकेलच्या रांगेत उभी असताना ती निळी पाटी मी शेकडो वेळा वाचली आहे. एकदा त्याच रस्त्याने शेतकऱ्यांचा मोर्चा गेला आणि त्यांच्या हातातल्या फलकावरही तोच शब्द होता: ‘शेतीमालाला रास्त भाव मिळालाच पाहिजे’. मी वडिलांना विचारलं, यांना पण रेशन हवंय का? ते म्हणाले, ‘नाही गं, यांना जास्त हवेत.’ पाटीवरचा रास्त भाव घेणाऱ्याला परवडेल असा खालचा, आणि फलकावरचा रास्त भाव पिकवणाऱ्याचा खर्च निघेल असा वरचा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव हीच आपली एकमेव मागणी केली होती, आणि तो शब्द त्यांनी विचार करून निवडला होता. भीक नको, सूट नको, सरळ हिशेबाने जे होतं ते द्या, एवढा सगळा अर्थ त्या ‘रास्त’मध्ये आहे. ‘न्याय्य भाव’ म्हटलं असतं तर ते भाषणासारखं वाटलं असतं. ‘योग्य भाव’ फारच मोघम झालं असतं.

उसाच्या पट्ट्यात याच शब्दाचं पुढचं रूप रोज कानावर पडतं. २००९ पासून उसाला ‘फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस’ ठरवली जाते. मराठीत ‘रास्त व किफायतशीर दर’, आणि बोलताना एफआरपी. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला (म्हणजे उसातून एवढी साखर निघाली तर) क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे, म्हणून ‘एकरकमी एफआरपी’ची आंदोलनं होतात. इथे अनुवादकाने लक्षात घ्यायचं ते हे, की इंग्रजी नावात दोन विशेषणं मुद्दाम ठेवली आहेत. रास्त म्हणजे हिशेबाला धरून, किफायतशीर म्हणजे वर चार पैसे सुटतील असा. एका वृत्तपत्रीय मजकुरात मी ‘योग्य व वाजवी दर’ असं केलेलं पाहिलं आहे. त्यात किफायतीचा मुद्दाच गळून पडला होता, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तोच तर मुद्दा आहे.

‘वाजवी’ हा अरबी ‘वाजिब’वरून आलेला. अर्थ रास्तच्या अगदी शेजारचा, पण स्वभाव वेगळा. रास्त ताठ आहे, वाजवी समजूतदार आहे. रिक्षावाल्याने मागितलेले पैसे वाजवी असतात, लग्नाच्या हॉलचं भाडं वाजवी असतं: फार नाही, ठीक आहे, देऊन टाकू. कायद्याच्या मराठीत हा शब्द ‘रीझनेबल’साठी राखून ठेवलेला आहे. संविधानाच्या १९व्या अनुच्छेदातले ‘रीझनेबल रिस्ट्रिक्शन्स’ म्हणजे ‘वाजवी निर्बंध’. म्हणून कायद्याचा मजकूर करताना फेअरला सरसकट वाजवी लिहायची सवय लावून घेऊ नका. कधीतरी तुमच्यासमोर तीन भावंडं एकत्र येतील. मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितलं की एखाद्याचं स्वातंत्र्य हिरावून घेणारी कार्यपद्धती ‘फेअर, जस्ट अँड रीझनेबल’ असली पाहिजे. तेव्हापासून निकालपत्रांमध्ये हे त्रिकूट पुन्हा पुन्हा येतं. वाजवी आधीच फेअरवर खर्च केला असेल, तर रीझनेबलला काय उरलं? मी जस्टला न्याय्य, फेअरला रास्त आणि रीझनेबलला वाजवी देते, आणि पूर्ण मजकुरात तसंच ठेवते. दहाव्या पानावर अदलाबदल झाली तर वाचणाऱ्या वकिलाला वाटेल, मूळ इंग्रजीतच शब्द बदलला आहे.

अर्थात सगळीकडे अशी शिस्त सापडणार नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या नावातलं ‘फेअर कॉम्पेन्सेशन’ सरकारी मराठीत ‘वाजवी भरपाई’ असंही वाचायला मिळतं आणि ‘उचित भरपाई’ असंही. अधिकृत मराठी नाव छापलेलं असेल तर आपल्या पसंतीचा शब्द बाजूला ठेवायचा आणि तेच नाव जसंच्या तसं उतरवायचं, कारण वाचणारा शेतकरी नोटीस हातात धरून तुमचा मजकूर पडताळत असतो. त्या कायद्यात फेअर म्हणजे काय हे भावनेवर सोडलेलंही नाही. बाजारमूल्य, ग्रामीण भागासाठी त्याला १ ते २ चा गुणक, आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, असा तो हिशेब आहे. गुणक २ असेल तर बाजारमूल्याच्या चौपट होते. गावात कोणी ‘वाजवी भरपाई’ म्हणत नाही, ‘चौपट मोबदला’ म्हणतात.

माणसं माणसांशी कशी वागतात हे जिथे ताडायचं असतं, तिथे किमतीचे हे शब्द चालत नाहीत. ‘फ्री अँड फेअर इलेक्शन्स’ मधला फेअर म्हणजे पंचाने कोणाची बाजू न घेणं. दर वर्षी २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिनी जी शपथ घेतात तिच्यात ‘मुक्त, निःपक्षपाती व शांततापूर्ण वातावरणातील निवडणुकांचे पावित्र्य राखू’ असं वाक्य आहे, आणि ते चोख आहे. ‘फेअर ट्रायल’लाही निःपक्षपातीपणाच लागतो, पण तेवढ्याने भागत नाही. आरोपीला आपली बाजू मांडायची पुरेशी संधी मिळणं हाही त्याचा भाग असतो, म्हणून मी ‘न्याय्य सुनावणी’ लिहिते. ‘समन्यायी’ हा शब्द मात्र फेअरसाठी उचलू नका. तो ‘इक्विटेबल’चा आहे, आणि महाराष्ट्रात ‘समन्यायी पाणीवाटप’ या रूपात त्याला २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यापासून नगर, नाशिक आणि मराठवाडा यांच्या पाण्याच्या भांडणाचं वजन आलेलं आहे.

आता ज्या अर्थाने मला सगळ्यात जास्त घाबरवलं, त्याकडे येते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने एका रुग्णालयासाठी डिस्चार्ज कार्डाचा अनुवाद केला. मूळ नोंद होती ‘जी.सी. फेअर’. जी.सी. म्हणजे जनरल कंडिशन. तिने लिहिलं, ‘रुग्णाची सर्वसाधारण स्थिती न्याय्य’. माझ्या तपासणीतून ते निसटलं, चूक माझी. पेशंटचा मुलगा कार्ड घेऊन कौंटरवर गेला आणि त्याने विचारलं, ‘न्याय्य म्हणजे? पोलीस केस झालीय का?’ तो हसत नव्हता, त्याचा चेहरा उतरला होता. तेव्हापासून दवाखान्याचा कुठलाही कागद मी मोठ्याने वाचल्याशिवाय सोडत नाही.

आपल्याकडच्या केसपेपरवर ‘जी.सी. फेअर’ म्हणजे एकूण तब्येत ठीक. पण अमेरिकेतल्या रुग्णालयांत हाच शब्द एका उतरंडीतली पायरी असतो: गुड, फेअर, सीरियस, क्रिटिकल. तिथे फेअर म्हणजे नाडी, रक्तदाब वगैरे स्थिर आहे, पेशंट शुद्धीवर आहे, पण त्याला त्रास होत असू शकतो. गुडच्या खालची पायरी. तिकडे राहणाऱ्या मुलाने पुण्यातल्या आईला फोनवर ‘बाबा फेअर आहेत’ सांगितलं तर ती निर्धास्त होते, कारण फेअर हा आपल्या कानाला कौतुकाचा शब्द वाटतो. मी अशा जागी ‘प्रकृती स्थिर आहे, धोका नाही, पण अजून त्रास होतो आहे’ असं उलगडून लिहिते. ‘रुग्ण बरा आहे’ असं मुळीच लिहीत नाही. मराठीत ‘बरा’ हा शब्द दुधारी आहे. ‘कसा आहेस?’ ‘बरा आहे’ म्हणजे साधारण. पण ‘आता बरा आहे’ म्हणजे दुखण्यातून उठला. ‘आता’ हा एक शब्द कोणी मनात घातला की अर्थ फिरलाच.

प्रश्नावल्यांमध्येही अशीच उतरंड येते: एक्सलंट, गुड, फेअर, पुअर. तिथे ‘उत्तम, चांगले, बरे, वाईट’ असं स्वच्छ जमतं. ‘योग्य’ लिहिलंत तर उत्तर देणारे सगळे त्याच चौकटीत खूण करतील, कारण योग्य असलं की आणखी काय हवं? आणि ‘अ फेअर अमाउंट’, ‘फेअरली गुड’ असं काही आलं की ‘बऱ्यापैकी’ हा आपला हुकमी शब्द आहे. पाऊस बऱ्यापैकी झाला, पैसे बऱ्यापैकी जमले.

‘फेअर कॉपी’चं मराठी कार्यालयीन भाषेत ‘स्वच्छ प्रत’. पण खरं सांगायचं तर ते फक्त कागदावर. कचेरीत ‘मसुदा मंजूर झाला, आता फेअर करून सहीला ठेवा’ असंच म्हणतात, आणि शाळेत रफ वही आणि फेअर वही असते. ‘फेअर करणे’ हे आता मराठी क्रियापद आहे. कथेत शिपाई किंवा कारकून बोलत असेल तर त्याच्या तोंडी ‘स्वच्छ प्रत’ घालू नका.

रंगाबद्दल थोडक्यात. ‘फेअर’ म्हणजे गोरा, पण फक्त कातडीसाठी. केस गोरे नसतात, ते सोनेरी किंवा पिंगट. जुन्या कथांतली ‘फेअर मेडन’ गोरी असेलच असं नाही, ती रूपवती. इंग्रजीत रूप आणि उजळ रंग एकाच शब्दात अडकले. आपण निर्दोष आहोत असं मात्र नाही: गोरा आणि गोमटा ही जोडी आपणच ‘गोरीगोमटी’ म्हणून बांधली, आणि स्थळांच्या जाहिरातीत गोरी, निमगोरी, गव्हाळ अशी प्रतवारीही लावली. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमच्या नावातून २०२० मध्ये ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं गेलं. त्या बातमीचा अनुवाद करताना ‘फेअर’ला ‘गोरा’ असंच, उघड लिहायला हवं होतं. ‘उजळ’ लिहून ती बातमी बोथट करणं मला पटलं नव्हतं.

‘ऑल इज फेअर इन लव्ह अँड वॉर’चं आपल्याकडे ‘प्रेमात आणि युद्धात सारं क्षम्य असतं’ झालं. वाचायला इतकं सहज आहे की फरक लक्षात येत नाही. इंग्रजी म्हण सांगते, तिथे नियमच नाहीत, तेव्हा चूक कसली? मराठी म्हणते, चूक झाली खरी, पण माफ आहे. मला मराठी रूप आवडतं, ललित लेखनात मी तेच वापरते. पण युद्धाच्या नियमांवरचा लेख असेल तर ‘सारं चालतं’ लिहा, कारण तिथे क्षमेचा प्रश्नच नसतो.

उरलं ते बोलण्यातलं फेअर. न्यू जर्सीत वाढणारी माझी भाचेनात पाच वर्षांची आहे, तिचं दिवसातून दहा वेळा ‘दॅट्स नॉट फेअर!’ चालू असतं. तिच्या आजीने एकदा मला विचारलं, याला आपली मुलं काय गं म्हणतात? मी ऐकायला लागले. आपली मुलं विशेषण वापरतच नाहीत. ती सरळ हिशेब मांडतात: ‘तिला दोन आणि मला एकच?’ खेळात असेल तर ‘रडीचा डाव!’ किंवा ‘चीटिंग करू नको’. फार तर ‘असं नाही हं!’ पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडी ‘हा अन्याय आहे’ घातलंत, की डबिंग केलेलं कार्टून ऐकल्यासारखं होतं. तसंच ‘फेअर इनफ’. ते म्हणजे ‘बरं, पटलं’, ‘ठीक आहे, चालेल’, कधी नुसतं ‘हं, बरोबर’.

आता तुमचं दुसरं वाक्य. ‘टु बी फेअर टु हिम’ म्हणणारा माणूस आतापर्यंत कोणाच्या तरी विरुद्ध बोलत होता आणि आता तराजूच्या दुसऱ्या पारड्यात एक वजन टाकतोय. ‘त्याच्याशी न्याय्य असण्यासाठी’ असं कोणी मराठी माणूस बोलत नाही. ‘त्याच्या बाजूने एक सांगायला हवं’ हे मला सर्वांत जवळचं वाटतं. लेख गप्पांच्या सुरातला असेल तर ‘पण एक आहे हं त्याचं’ असंही चालेल, आणि लेखकाचा सूर गंभीर असेल तर ‘त्याचीही बाजू समजून घ्यायला हवी’. तुम्ही मागचापुढचा परिच्छेद पाठवला नाहीत, नाहीतर तिन्हींतलं एक निवडून दिलं असतं. ती ओळ ज्याच्याबद्दल आहे त्याच्यावर आधीच्या परिच्छेदात किती ताशेरे आहेत ते मोजा. दोन-तीन असतील तर पहिलं घ्या. पानभर असतील तर तिसरं.